नात्याबाहेरचा पंच

मीरा दुपारी दीड ते पावणेतीन झोपायची, आणि दिशाचं सगळं काम सध्या त्या सव्वा तासावर चालायचं. भांडुपच्या त्या वन रूम किचनमध्ये झोळी टांगायला एकच हूक होता. झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला अडकवायची, लॅपटॉप मांडीवर घ्यायचा आणि बसायचं. अंगठा हलत राहिला की मीरा झोपे, मीरा झोपली की ओळी पुढे सरकत. कधी कधी मीरा उठून झोळीतून टुकुटुकु बघत असे आणि दिशा तशीच अंगठा हलवत बसलेली असे. दोघींची नजरानजर झाली की त्या दिवसाचं काम संपलं.

काम होतं भाषांतराचं. लोकपाल, मानवी हक्क आयोग असल्या संस्था कशा असाव्यात, याचे जगभर मान्य झालेले निकष एका संस्थेला साध्या मराठीत हवे होते. पॅरिसची तत्त्वं करून झाली होती, आता व्हेनिसची चालू होती. एकूण पंचवीस कलमं. तक्रार ऐकणारा कोणाच्या हाताखालचा नसावा. निकाल आवडला नाही म्हणून त्याला काढता येऊ नये. तक्रार करायला पैसे पडू नयेत. दिशाला हे सगळं वाचायला बरं वाटे. कुठेतरी लांब बसून कोणीतरी इतक्या बारकाईने विचार केलाय, की गाऱ्हाणं घेऊन आलेल्या माणसाला दारातून परत जायला लागू नये.

तिचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे तिचे सासरे, चंद्रप्रकाश. गिरणी बंद पडल्यावर ते छापखान्यात लागले आणि तीस वर्षं त्यांनी मुद्रितं तपासली. निवृत्त झाले तरी खिशातलं लाल पेन काही गेलं नाही. दिशा रोज दोन पानं छापून द्यायची आणि ते खिडकीशी बसून वाचायचे.

"हे 'अनुषंगाने' काढ बघू," ते म्हणायचे. "माणूस तक्रार घेऊन येतो तेव्हा त्याच्याकडे अनुषंग नसतो. चप्पल तुटलेली असते."

दिशा काढून टाकायची. बाबांचं म्हणणं बहुतेक वेळा बरोबर असे.

वाचता वाचता ती कलमं त्यांच्या अंगात भिनली. मालवणाकडचं त्यांचं गाव सोनघळ. गावाच्या चाकरमान्यांचं मुंबईत छप्पन्न वर्षं जुनं मंडळ होतं, आणि मंडळाची भांडुपमध्येच, टेकडीच्या पायथ्याशी एक खोली होती. गावातून नोकरीला आलेला मुलगा आधी तिथे उतरायचा, पाय रोवले की स्वतःची सोय बघायचा. चंद्रप्रकाशही एकेकाळी तिथेच उतरले होते. मंडळात कोणाची तक्रार असेल तर सभेत अध्यक्षांपुढे नारळ ठेवायचा आणि सगळ्यांदेखत बोलायचं, अशी पद्धत. बाईला बोलायचं असेल तर तिच्या वतीने घरचा पुरुष नारळ ठेवणार. साहजिकच, पंधरा वर्षांत मंडळाकडे फारशा तक्रारी नव्हत्या, आणि याचा मंडळाला अभिमान होता.

गेल्या वार्षिक सभेत चंद्रप्रकाश उभे राहिले आणि म्हणाले, मंडळाला एक तक्रार पंच पाहिजे. अकरा नियम त्यांनी लिहूनच आणले होते. नारळ नको. तक्रार कागदावर, कोणीही द्यावी. पंचाने निकाल लादायचा नाही, शिफारस करायची. समितीने पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यायचं, आणि नकार असेल तर त्याचं कारण सभेत वाचून दाखवायचं. चौथा नियम असा, की पंच हा तक्रारदाराचा नातेवाईक नसावा, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याचाही नसावा.

पूजा होऊन गेली होती, पानं मांडली होती, काळ्या वाटाण्याची आमटी गार होत होती. अकराच्या अकरा नियम एकमताने मंजूर झाले. पंच म्हणून चंद्रप्रकाशच.

घरी आल्यावर वनमाला, म्हणजे दिशाची सासू, एवढंच म्हणाली, "झालात पंच? आता निदान घरातलं ऐका."

---

घरात त्या दिवसांत प्रांजल राहत होती. वनमालाचं माहेर सोनघळमध्येच, खालच्या वाडीत. तिच्या भावाची ही मुलगी. मुलुंडच्या एका नर्सिंग कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. पहिल्या वर्षी कॉलेजच्या वसतिगृहात जागा मिळाली, दुसऱ्या वर्षी नवीन मुलींना दिली. आता आत्याच्या स्वयंपाकघरात सतरंजी टाकून झोपायची. रात्रपाळी लागली की सकाळी नऊला यायची, भिंतीकडे तोंड करून पडायची, आणि दहाला मीरा गळा काढायची. मग कुकरच्या शिट्ट्या, मग भांडी.

एकदा दिशाने पाहिलं, प्रांजल उशीखाली डोकं घालून झोपली होती आणि उशीवर तिचंच पुस्तक ठेवलं होतं, आवाज अडवायला. झोप म्हणजे काय चीज असते, हे सात महिन्यांच्या बाळाच्या आईला कोणी सांगायला नको.

"सॉरी गं," ती म्हणाली.

"वहिनी, मीरा तरी काय करणार," प्रांजल म्हणाली. "तिला नर्सिंग नाही करायचं ना."

हसली, पण दुसऱ्याच दिवशी तिने वनमालाला सांगितलं, की सिस्टर ओरडल्या. वॉर्डात उभ्या उभ्या डोळा लागला तिचा. महिनाअखेरपर्यंत झोपायची धड सोय झाली नाही तर ती कॉलेज सोडून गावी जाणार. कणकवलीत एका दुकानात जागा आहे, तिच्या बाबांनी बोलून ठेवलंय.

मंडळाच्या खोलीत विचारून झालं होतं. अध्यक्ष सुबोध फोनवरच म्हणाले होते, "वहिनी, खोली मुलग्यांची आहे. आपल्यात तसं चालत नाही."

म्हणून एका दुपारी मीरा नुकती झोपलेली असताना वनमाला पदराला हात पुसत आली आणि वहीचं एक पान नवऱ्यापुढे धरलं.

"काय हे?"

"तक्रार. पंच तुम्हीच ना?"

चंद्रप्रकाशांनी चष्मा लावला. 'मंडळाच्या खोलीत मुलींना जागा नाकारतात. माझी भाची प्रांजल हिचं शिक्षण सुटायची वेळ आली आहे. गावात अजून तीन मुली बारावी झालेल्या आहेत, त्यांचंही हेच होणार. कृपया न्याय व्हावा. वनमाला.' त्यांनी खिशाकडे हात नेला.

"लाल पेन काढलंत तर बघा," वनमाला म्हणाली.

हात खाली आला. त्यांनी पुन्हा वाचलं, आणि मग त्यांचा चेहरा हळूहळू असा झाला, जसा पुस्तक छापून झाल्यावर मुखपृष्ठावरची चूक दिसली की होत असावा.

"माले, हे मला ऐकता येणार नाही."

"का?"

"तू माझी बायको आहेस."

"हे आज कळलं तुम्हाला?"

"नियम चार," चंद्रप्रकाश म्हणाले. "नातेवाईक नसावा."

दिशाने अंगठा न थांबवता मान वर केली. "मग दुसरं कोणीतरी ऐकू दे ना, बाबा. मंडळात एकशे बारा सभासद आहेत."

सभासदांची यादी काढली. चंद्रप्रकाश नावं वाचू लागले आणि वनमाला भाजी निवडता निवडता उत्तरं देऊ लागली.

"सुबोध?"

"तो तर अध्यक्षच. आणि प्रांजलच्या आत्येचा दीर."

"आत्या तूच ना तिची?"

"दुसरी आत्या, कुडाळची."

"बरं. खजिनदार?"

"माझ्या आईचा मावसभाऊ."

"वरच्या वाडीतला तो, बँकेत आहे तो?"

"त्याची सून आमच्या खालच्या वाडीतली. शिवाय सुबोधचा साडू लागतो तो."

मीरा पावणेतीनला उठली तेव्हा यादी अर्ध्यावर होती. चहा झाला तेव्हा संपली. एकशे बारापैकी एकशे बारा नावांवर लाल रेघ. जो प्रांजलचा कोणी लागत नव्हता तो सुबोधचा लागत होता, आणि बरेचसे दोघांचेही लागत होते. एका गावातल्या सोयऱ्याधायऱ्यांच्या मंडळाला नातेवाईक नसलेला पंच नेमायचा नियम एकमताने मंजूर झाला होता, आणि हात वर करताना हे एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं.

दिशाला हसू आवरेना. मग प्रांजल झोपेतून उठून दारात येऊन उभी राहिली आणि दिशाचं हसू गेलं.

"म्हणजे ऐकायला कोणीच नाही का?" प्रांजलने विचारलं.

---

संध्याकाळी सुबोधचा फोन आला. बातमी पोचली होती. "चंदूभाऊ, कशाला वाढवताय? तो नियम काढून टाका आणि तुम्हीच ऐका, मिटवा. वहिनींना समजवा जरा."

फोन ठेवल्यावर वनमालाही म्हणाली, "ऐका की तुम्हीच. पोरीच्या बाजूने द्या निकाल, संपलं."

"आणि मग ते म्हणतील, बायकोची तक्रार, नवऱ्याचा निकाल. पोरीला एक दिवस तिथे सुखाने राहू देतील?"

दिशा मीराला मांडीवर घेऊन नाचणीची पेज भरवत होती. ती म्हणाली, "बाबा, पंच मंडळाचा सभासद पाहिजे असं तुम्ही लिहिलंय का?"

चंद्रप्रकाशांनी कागद पाहिला. "'मूळ सोनघळचा रहिवासी' लिहिलंय."

"मग सोनघळचा, पण सभासद नसलेला. असं कोणी आहे?"

मीराची अर्धी वाटी संपली.

"धम्मा आहे," ते म्हणाले.

चार वर्षांच्या संसारात दिशाने हे नाव ऐकलं नव्हतं. धम्मपाल, सोनघळच्या बौद्धवाडीतला. गावात बौद्ध दीक्षा झाल्यानंतर जन्मलेलं पहिलं मूल, म्हणून बापाने हौसेने ठेवलेलं नाव. चौथीपर्यंत दोघं एका बाकावर. पुढे टेलिफोन खात्यातून निवृत्त. राहायला स्टेशनच्या पलीकडे, रिक्षाने दहा मिनिटं. त्यांच्या वाडीचं मुंबईत मंडळ वेगळं, कारण या मंडळात त्यांना कोणी कधी बोलावलंच नव्हतं.

"भेटता का तुम्ही त्यांना?"

"भेटतो ना. स्टेशनबाहेर चहा पितो कधीकधी."

"घरी?"

चंद्रप्रकाशांनी चष्मा काढून पुसला. "चल तूही. मीराला घे. लहान मूल बरोबर असलं की दारात उभं राहणं सोपं जातं."

---

धम्मपालांची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. दार उघडून त्यांनी आधी चंद्रप्रकाशांकडे पाहिलं, मग दिशाकडे, मग मीराकडे.

"वाट चुकलास काय रे?" ते म्हणाले. "चहावाला बंद आसा?"

"धम्मा, माका तुझ्याकडे काम आसा."

"ता दिसताच आसा. बस."

त्यांची बायको राधा हिने मीराला उचलून घेतलं आणि सरळ आत नेलं. थोड्याच वेळात आतून मीराचं खिदळणं ऐकू यायला लागलं. दिशाला दोन्ही हात रिकामे घेऊन बसायची सवयच राहिली नव्हती. ते कुठे ठेवावेत हे तिला कळेना.

धम्मपालांनी अकरा नियम वाचले. मग दिशाच्या भाषांतराची पानं वाचली, तीही सगळी, घाई न करता. मग प्रश्न विचारले.

"मी नको तसा निकाल दिला तर मला कोण काढणार?"

"वर्षभर कोणी नाही," चंद्रप्रकाश म्हणाले. "नियम सात."

"मला कोण काय कानात सांगायला येणार?"

"येतील. तू लिहून ठेव."

"आणि तक्रार कोण करू शकतो?" त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "इथे लिहिलंयस, सोनघळचा कोणीही मूळ रहिवासी."

"हो."

"आमची वाडी सोनघळातच आसा."

"हो."

"लिवलंस तेव्हा आमी तुझ्या मनात होतांव?"

दिशाने सासऱ्यांकडे पाहिलं. जगभरच्या संस्थांमध्ये समाजातले सगळे असले पाहिजेत, हे पॅरिसचं तत्त्व त्यांनीच दोनदा तपासलं होतं, आणि एक स्वल्पविराम वाढवला होता.

"नाही," चंद्रप्रकाश म्हणाले. "नव्हतात."

धम्मपालांनी कागदांची घडी घातली. "हो म्हणाला असतास तर चहा पाजून पाठवला असता. येतो मी. पण आता लिहिलंयस ते तसंच राहील. आमच्या वाडीची तक्रार आली की ती तू ऐकायचीस. मी नातेवाईक, मला चालणार नाही."

"ऐकेन."

चहा झाला, वर कांदेपोहे झाले. निघताना राधाने मीराच्या मुठीत बिस्किट दिलं आणि दिशाला म्हणाली, "घेऊन येत जा गं हिला. एकटी येत जा, ह्यांची वाट बघू नको."

---

या तक्रारीला आपल्याऐवजी धम्मपाल पंच, असं चंद्रप्रकाशांनी समितीला लेखी कळवलं, आणि नियमात बसत असल्याने कोणाला अडवता आलं नाही. रविवारी धम्मपाल मंडळाच्या खोलीवर गेले. खोलीचे दोन भाग. पुढच्या भागात आठ मुलगे. आतला भाग तसाच मोठा, त्याला गॅलरीत उघडणारं वेगळं दार आणि वेगळी मोरी. आणि त्यात मंडळाचे टोप, पातेली, भजनाची पेटी, थर्माकोलचं जुनं मखर आणि तीन अध्यक्षांच्या सत्काराचे बॅनर राहत होते. धम्मपालांनी टेपने मोजमाप घेतलं. मग आठही मुलग्यांना एकेक करून गॅलरीत बोलावलं. कोण काय म्हणाला ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही, पण प्रीतम नावाच्या मुलाने नंतर स्वतःच सांगून टाकलं. "मी बोललो, काका, आत उंदीर झालेत. माणसं राहायला आली तर झकास होईल."

शिफारस एका पानाची होती. भांडी माळ्यावर न्यावीत. आतला भाग चार मुलींना द्यावा, गॅलरीतल्या दाराने त्यांची ये-जा असावी, मधल्या दाराला मुलींच्या बाजूने कडी लावावी. समितीने पंधरा दिवसांत उत्तर द्यावं.

समितीत बरीच कुरकुर झाली. बाहेरचा माणूस आम्हाला शिकवणार का, असं कोणीतरी म्हणालं. पण शिफारस मोडायची तर कारण लिहायला हवं होतं. दहा दिवस गेले. प्रांजलने बॅग अर्धी भरून कपाटाच्या वर ठेवली होती. दिशा रोज त्या बॅगेकडे न बघता कपाटातून टॉवेल काढायची.

अकराव्या दिवशी संध्याकाळी सुबोध स्वतः घरी आले. अर्ध्या बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट, हातात प्लास्टिकची फाइल. "चंदूभाऊ, तुम्ही नात्यातले, निकालावर तुम्ही बोलू नका. पण सभेत वाचायचंय ते, शुद्धलेखन तेवढं बघा."

"तेवढं बघतो," चंद्रप्रकाश म्हणाले.

छापखान्यात मुद्रितं तपासताना एक जण मजकूर मोठ्याने वाचतो, विरामचिन्हांसकट, आवाजात काडीचा भाव न आणता. चंद्रप्रकाशांना तीस वर्षांची तीच सवय. त्यांनी चष्मा लावला.

"मंडळाची खोली पूर्वापार मुलग्यांसाठी असून स्वल्पविराम तेथे मुली राहू लागल्यास मुलग्यांचे वर्तन बिघडण्याचा संभव आहे पूर्णविराम."

मीराही दिशाच्या खांद्यावरून वळून बघायला लागली.

"हे जरा," सुबोध म्हणाले, "हे असं वाटतंय, जसे काही आपले पोरगे वाया गेलेत."

"मजकूर तुझा आहे. मी फक्त वाचतोय."

"प्रीतमची आई बसलेली असेल सभेत."

"असेल."

सुबोधांनी ती ओळ खोडली आणि मांडीवर फाइल ठेवून दुसरी लिहिली. चंद्रप्रकाशांनी तीही वाचली. "मुलींच्या सुरक्षिततेची जबाबदारी मंडळ घेऊ शकत नाही पूर्णविराम."

स्वयंपाकघरातून वनमालाचा आवाज आला. "छप्पन्न वर्षं मुलग्यांची कशी घेतलीत हो, भाऊजी?"

"वहिनी, तसं नाही..."

"मी काही बोलत नाही. मी पण नातेवाईक."

तिसरी ओळ लिहायला सुबोधांनी बराच वेळ घेतला. पेन दोनदा कागदाला लागलं आणि उचललं गेलं. दिशाने पाहिलं, माणूस वाईट नव्हता. त्यांनी आयुष्यभर 'आपल्यात तसं चालत नाही' हे वाक्य वापरलं होतं आणि ते कधी कोणाला लिहून द्यावं लागलं नव्हतं. आज लिहायला बसले तर त्याच्या आत काही सापडत नव्हतं.

वनमालाने कोकम सरबताचा ग्लास आणून समोर ठेवला. सुबोधांनी तो अर्धा प्यायला.

"माळ्याची उंची किती आहे हो?" त्यांनी विचारलं. "तो मोठा टोप बसेल का वर?"

"धम्माने मोजलंय," चंद्रप्रकाश म्हणाले. "बसतो. आडवा."

"आणि मखर?"

"मखर टाकून द्या," वनमाला म्हणाली. "दहा वर्षं उंदीर खातायत."

सुबोधांनी नवीन कागद घेतला, त्यावर एक ओळ लिहिली, सही केली आणि चंद्रप्रकाशांपुढे सरकवला. 'शिफारस मान्य.' चंद्रप्रकाशांनी तीही त्याच आवाजात वाचली आणि पूर्णविरामाला मात्र थोडे अडखळले.

---

शनिवारी मुलग्यांनी टोप माळ्यावर चढवले आणि भिंतींना चुना दिला. सोमवारी रात्रपाळी करून प्रांजल सरळ तिकडेच गेली. दिशा मीराला कडेवर घेऊन धुतलेली चादर द्यायला गेली, तेव्हा साडेदहा वाजत होते. प्रांजलने अजून गणवेशही बदलला नव्हता. चादर घेऊन ती खाटेवर बसली आणि बोलता बोलता तिचे डोळे मिटायला लागले.

"वहिनी, इथे काहीच आवाज येत नाही," ती म्हणाली. "विचित्र वाटतंय."

"झोप आता. कडी लाव आतून."

दिशा गॅलरीत आली. मागे कडी लागल्याचा आवाज झाला आणि नंतर काही नाही. मीराने दाराकडे बोट करून तोंड उघडलं, काहीतरी सांगायच्या बेतात. दिशाने तिचं डोकं हलकेच आपल्या मानेशी दाबलं आणि चपला हातात घेऊन अनवाणीच जिना उतरली.